थ्रेशर सुरू व्हायच्या आधी

अहो,

मी बमरोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले. माझ्या वाल्मिकदादाने खरंच आणली! कानांवर घट्ट बसवायची जाड झाकणं. दोन जोड्या डब्याशेजारी ठेवल्यात. मी घालून बघितली, तर समोरचा स्टोव्हसुद्धा गप्प!

आज कामरेजच्या शेतात थ्रेशर सुरू व्हायच्या आधी घाला. कापसाचे बोळे फेकून द्या, त्यांनी काही होत नाही. दुसरी जोडी पेंढ्या टाकणाऱ्या योगराजभाऊंना द्या. कोणी हसलं तर हसू दे.

परवा जेवताना मी हळूच एक गोष्ट सांगितली. तुम्ही नुसती मान हलवून भाकरी मागितलीत. चाळभर ओरडून सांगायची ती गोष्ट नाही, म्हणून लिहिते : आपल्या घरात पाळणा हलणार आहे! बाळ रडल्यावर 'मला ऐकूच आलं नाही' ही सबब चालायची नाही.

उज्ज्वला