माझ्या सर्टिफिकेटचे धर्मपिता

ताबाकुंदो, रविवार

आदरणीय सेगुंदोमामा,

एदिसनचा वाकून नमस्कार. गुडघ्याची सूज उतरली का? मामींना आणि तुमच्या तांब्याच्या परातीला (आइस्क्रीम अजून तिच्यातच फिरवता ना?) माझी आठवण सांगा. आई बरी आहे. तिचे गिनीपिग मात्र फार कमी झाले आहेत, आणि त्यामुळेच हे पत्र लिहावे लागत आहे.

मी गुलाबांच्या पॅकिंगला आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकाच टेबलाशी कायमची माणसे आणि आम्ही हंगामी उभे असतो. काटे सगळ्यांना सारखेच टोचतात, पण त्यांचा पगार आमच्या दीडपट, आणि मातृदिनाची फुले रवाना झाली की आमच्यातले निम्मे घरी. मध्यंतरी कंपनीने प्रशिक्षण काढले. पास होणाऱ्याचा विचार करू म्हणाले (कसला, ते मी अदबीने विचारले, उत्तर अजून यायचे आहे). मी पास झालो. पण शेजारची रोसाउरा म्हणाली, "कागद काय चाटायचाय, एदिसन्या? धर्मपिता कोण आहे तुझा?" तिने आमचे मुकादम एलादियोसाहेब यांना लेकीच्या जावळाचे धर्मपिता केले होते, कोणी बाप्तिस्म्याचे केले होते, कोणी नव्या छपराचे. मला ना बायको, ना मूल, ना छप्पर. म्हणून मी त्यांना सर्टिफिकेटचे धर्मपिता केले. आईने गिनीपिग भाजून बटाट्यांसकट वाढले. साहेबांनी रिवाजाप्रमाणे माझ्या गळ्यात टाय बांधला आणि हाड चोखत म्हणाले, "आता तू घरचा. घरच्याला कोण काढतंय?" त्या आठवड्यात मला नीट भूक लागत होती.

मग वरून हुकूम आला, निम्मी नावे द्या. साहेब एकेका टेबलाशी जाऊन आले. जिकडे पाहावे तिकडे त्यांचीच धर्मलेकरे. शेवटी त्यांनी ऑफिसात सांगितले की इथे एकही माणूस जास्तीचा नाही. ऑफिसने शांतपणे ऐकून घेतले आणि एकालाच काढले, साहेबांना. त्यांच्या एका पगारात आमचे अख्खे टेबल हंगामभर निघते म्हणे.

त्यांच्या जागी सर्टिफिकेटवाला हवा म्हणून मला नेमले आहे. टोपी मुकादमाची, पगार हंगामीच. आणि मातृदिन झाला की निम्मी नावे आता मी द्यायची आहेत. काल रोसाउरा घरी आली. मला "एदिसनसाहेब" म्हणाली आणि तिच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता व्हाल का, असे विचारले. हातात झाकलेली टोपली होती आणि टोपली हलत होती. मी नाही म्हणेपर्यंत आई ती घेऊन आत गेलीसुद्धा.

तुमचा भाचा,
एदिसन

ता.क. हे पत्र घेऊन तुमच्याकडे इबाराला आलेले गृहस्थ म्हणजेच एलादियोसाहेब. त्यांना परात फिरवायला ठेवून घ्या. दंड मजबूत आहेत.

ता.क. परातीला दुसरा माणूस लागतो, असे तुम्ही पूर्वी म्हणायचात. ती जागा मातृदिनापर्यंत कोणाला देऊ नका.

ता.क. पगार मात्र आम्हा दोघांना सारखाच द्या. त्यांना जास्त दिलात, तर पुढेमागे तुम्ही त्यांनाच काढाल आणि त्यांची टोपी पुन्हा माझ्या डोक्यावर येईल.