घोडेगावच्या अलीकडची मोकळी जागा

आण्णा, तुमची गाडी मी विकायला काढली आहे. हे आधी सांगून टाकते, कारण आठ दिवस झाले, कुणाला तरी सांगायचं म्हणून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. पासिंग संपत आलंय, आणि पुन्हा करायचं तर खालचा पत्रा सगळा बदलावा लागेल असं गॅरेजवाला म्हणतो. राहुरीकडचा एक जण ड्रायव्हिंग शिकवायला घेणार आहे. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारून पाहिली, आत डोकं घातलं आणि हसला. "मॅडम, हा कंपनीचा टेप अजून तसाच? सीडीचा? हा काढून फेकू, स्क्रीन बसवू." मी मान हलवली. तो गेल्यावर मात्र किती तरी वेळ गाडीतच बसून राहिले, पाय हलवत. तुम्ही असता तर गुडघ्यावर हात दाबून म्हणाला असता, "पाय हलवू नको, गाडी हालती."

तो टेप म्हणजे तुमचा जीव. गाडी सेकंडहँड, पण आधीच्या डॉक्टरांनी टेप बदलला नव्हता याचं तुम्हाला कोण कौतुक! गाडी घेतली त्या दिवशी तुम्ही इंजिन पाहिलं नाही, टेपची बटणं पुसत बसलात. टेपही मोठा नखरेल होता. गाणी नुसती कॉम्प्युटरमधून उचलून भरली तर सीडी बाहेर थुंकायचा. घाईघाईत राईट केलेली सीडी त्याला चालायची नाही, सावकाश केलेलीच वाचायचा. "माझ्यासारखाच हाय," म्हणायचात. खरंच होतं ते. तुमच्या वाइंडिंगच्या दुकानात व्हार्निशच्या वासात मी लहानाची मोठी झाले. तुम्ही मोटारीच्या कॉइलचे फेरे मोजत असायचात आणि मी काही विचारलं की एक बोट वर करायचात. थांब. ते बोट खाली येईपर्यंत मी माझा प्रश्न विसरलेली असायची. आपल्या दोघांचं निम्मं आयुष्य त्या वर केलेल्या बोटाखाली गेलं.

मी नगरला हॉस्टेलवर राहायला लागले तेव्हाची गोष्ट. दर सोमवारी सकाळी तुम्ही मला नेवाशाहून सोडायला येता. एस.टी. आहे, मी म्हणते. तुम्ही म्हणता, गाडीला पण फिरवाया लागतं. आणि त्या रस्त्यासाठी तुम्ही एक सीडी करून घेतलेली, वर मार्करने फक्त 'नगर' लिहिलेलं. त्यातली गाणी तुम्ही रस्ता पाहून लावली होती. दारातून निघताना वंदना. फाट्याला हायवे लागला की जुनी सिनेमातली. पांढरीपुलाच्या पुढे, इमामपूरच्या घाटात ट्रकमागे अडकून गाडी रांगायला लागली की ढोलकी सुरू, म्हणजे वैताग यायला नको. शहर दिसायला लागलं की जयंतीच्या मिरवणुकीतलं गाणं, आणि त्यावर तुम्ही स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचात. हे सगळं जमायचं ते तुम्ही पन्नासच्या वर जात नव्हतात म्हणून. मागचे हॉर्न मारून मारून पुढे जायचे आणि मी लाजेने खाली सरकायचे. मला कुठलंच गाणं शेवटापर्यंत ऐकवायचं नाही. बोट सारखं पुढच्या बटणाकडे, आणि तुम्ही ते बाजूला सारायचात. "गानं पुरतं तरी होऊ दे गं, त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही ती सीडी नव्याने करून आणलीत. गाणी तीच, फक्त घोडेगावच्या अलीकडे मध्येच एक तुकडा मोकळा. टेपवर आकडे पळताहेत आणि आवाज काही नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, "आण्णा, सीडी खराब दिली त्याने." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे." पण शांतता मला कधी सोसली आहे? मी बटण दाबलं, पुढचं गाणं लागलं. मग दर सोमवारी तेच. घोडेगाव यायच्या आधी टेप मुका व्हायचा आणि माझं बोट आपोआप पुढे जायचं.

तुमच्या दोन्ही किडन्या गेल्यात हे मला परीक्षा झाल्यावर कळलं, तेही आत्याच्या तोंडून, लग्नाच्या मांडवात. डायलिसिस ठरलं होतं. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी घरी येऊन आईवर तुटून पडले. तुमच्यावर तुटून पडायची हिंमत नव्हती, आणि तुमच्या हाताला सुया टोचलेल्या. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिने वर पाहिलंही नाही. "ते म्हनले हुते, पोरीला मी सांगतो. गाडीत सांगतो म्हनले. मला वाटलं, सांगितलं असंल." मला ती शुद्ध सबब वाटली. गाडीत! दर सोमवारी दीड तास मी तुमच्या शेजारी बसत होते आणि तुम्ही ढोलकी ऐकत होतात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून आईशी मी बोलते ते कामापुरतं. औषधं आणली का, गॅस संपला का, डोळे दाखवायला कधी जायचं. तिनेही कधी पुन्हा विषय काढला नाही. तिच्याइतकं गप्प राहणं मला जमत नाही, पण त्या एका बाबतीत जमलं.

गाडी जाणार म्हणून परवा मी सीडींचं पाकीट बाहेर काढलं. बाकीच्या सगळ्या टेपने थुंकल्या, 'नगर' तेवढी वाजली. घेणार आहे त्या नव्या गाडीत सीडीला जागाच नाही, म्हणून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला मी, तुम्ही सीडी करून घ्यायचात त्याच नेवाशाच्या दुकानात गेले. तो आता सीडी करत नाही, झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज करतो. केस पिकलेत त्याचे. त्याने सीडी घातली आणि म्हणाला, "ताई, मधी हे मोकळं हाय, काढून टाकू का?" म्हटलं, टाका, खराबच आहे ते. त्याने माऊसवरचा हात काढला. "खराब कसलं? आण्णांनी मुद्दाम ठिवाया लावलं हुतं. दवाखान्यातनं सरळ हितंच आलते, हाताला कापूस तसाच चिकटवलेला. मी म्हनलं, आण्णा, जागा वाया जाती, आजून एक गानं बसंल. तर म्हनले, न्हाई. पोरीला एक सांगायचं हाय. गानं चालू असलं की मला बोलता येत न्हाई, आन बंद केलं तर तिला वाटंल काय झालं. आपोआप थांबलं म्हंजी बरं."

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. भाजी चिरताना उठते, अंथरुणावर पडते, उठते. आधी नुसतं बोट आठवत होतं, माझं, बटणावरचं. मग एक सोमवार आठवला. मी मोसंबी सोलत होते, हात चिकट, बटण दाबता आलं नाही. टेप मुका झाला आणि सगळा वेळ मुकाच राहिला. तुम्ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. बाहेर वाऱ्यावर उसाच्या मळीचा वास येत होता. आणि तुम्ही म्हणालात, "कारखाना सुरू झाला वाटतं." मी हसले, "अहो आण्णा, दिवाळीपासून सुरू आहे." तेवढ्यात गाणं लागलं आणि तुम्ही सुटलो बुवा असा श्वास सोडलात. म्हणजे बटण एकट्या माझंच नव्हतं. राग येतो मला तुमचा. अख्खी सीडी करून घेतलीत, रस्ता मोजून जागा ठेवलीत, आणि त्या जागेत कारखाना घातलात! एक वाक्य होतं हो. मी रडले असते, तुम्ही गाडी बाजूला घेतली असती, पांढरीपुलाला भेळ खाल्ली असती आपण. आणि इतकी वर्षं मी आईला खोटारडी समजले नसते.

काल आईला एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी नगरला न्यायचं होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं, गाडीतच सांगायचं, त्याच जागी. आई, तू खरं बोलत होतीस. एवढंच. घरून निघताना सीडी घातली. वंदना लागली तशी आईने हात जोडले आणि नंतर पदर डोळ्याला लावला. पन्नासच्या वर गेले नाही मी. मागचे हॉर्न मारत होते आणि मला लाज वाटत नव्हती. दुभाजक झालेत, पूल झालेत, फाट्यावर ओळखू येत नाही काही, तरी घोडेगावच्या अलीकडे टेप बरोबर थांबला. आकडे पळायला लागले. आई समोर बघत होती. माझं वाक्य अगदी दातांपाशी आलं होतं. मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि म्हणाले, "कारखाना सुरू झाला वाटतं."

"दिवाळीपास्नं चालू हाय की," आई म्हणाली. आणि गाणं लागलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी. पण तुम्हाला एक कबूल करते. आज सकाळी गाडी घेणाऱ्याला फोन करून सांगितलं, कागद सापडत नाहीत, जरा थांबा. कागद माझ्या पर्समध्येच आहेत. सोमवारी आईला पुन्हा न्यायचं आहे, दुसऱ्या डोळ्यासाठी.