श्रीधरच्या गाडीचा क्लच

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळी अंगणातली पानं गोळा केली. दुपारी श्रीधरचे मित्र कुलकर्णी भाऊजी आले. श्रीधरच्या जुन्या गाडीचा क्लच घसरतो, नवा मागवायचाय. कुठला, ते त्याने जाण्याआधी कागदावर लिहून ठेवलंय. रेसचा, सगळ्यात कडक. खाली दोन रेघा.

भाऊजी कागद बघून हसले. "वहिनी, हा पठ्ठ्या सिग्नलला थांबणारच नव्हता वाटतं! हा क्लच दाबून दाबून चालवणाऱ्याचा गुडघा जाईल. मऊ घेऊ या, इंजिनाला पुरेल. पण चालवणार कोण, ते आधी सांगा."

"मीच," मी म्हणाले. मऊच मागवला.

तेव्हापासून त्या दोन रेघा डोळ्यांपुढून जात नाहीत. तो गेल्यापासून आठ महिन्यांत त्याच्या एकाही वस्तूला हात लावला नव्हता, आणि आज त्याचं लिहिलेलं बदललं. चिडला असता? की माझा गुडघा आठवून स्वतःच खोडलं असतं? आता कोणाला विचारू.

भाऊजी गेल्यावर गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले. पाय पेडलपर्यंत पोचेना. सीट अजून त्याच्या पायांच्या मापाने मागे होती. खालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली.