‘अक्षरी’ची टिंग

३ फेब्रुवारी, लोणी भापकर
माझं सॉफ्टवेअर ‘अक्षरी’ आज जगासाठी खुलं केलं. फुकट. बिलावर ५२५ टाकलं की खाली ‘पाचशे पंचवीस फक्त’ आपोआप छापून येतं. पुण्याची नोकरी सोडून घरी बसलो ते याचसाठी.
आत एक छोटी ओळ घातली आहे. कुणी अक्षरी इन्स्टॉल केलं की माझ्या मोबाईलवर टिंग वाजतं आणि त्या कॉम्प्युटरचं नाव येतं. इन्स्टॉल करणाऱ्याला सांगितलेलं नाही. उगाच संकोच वाटायचा. बायकोला, राजलक्ष्मीला, तेवढं सांगितलं.
ही हेरगिरी नव्हे. आस्था.
संकल्प: मोबाईल दिवसातून एकदाच बघायचा.

५ फेब्रुवारी
टिंग नाही. रेंजचा प्रॉब्लेम. मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर बसलो. जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी
टिंग! ‘अकाउंट्स-२’. नावावरूनच कळतं, मोठी कंपनी. बहुधा परदेशी. तीन भाकरी खाल्ल्या.
राजलक्ष्मी एमआयडीसीतल्या डेअरीत हिशेब बघते. ती घरी आल्या आल्या सांगितलं. हसली. अभिमान वाटला असावा.

११ फेब्रुवारी
अकाउंट्स-२ वाले रोज अक्षरी काढतात आणि नव्यानं टाकतात. फक्त रविवारी सुट्टी. एका सॉफ्टवेअरवर एवढं प्रेम मी पाहिलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी
टिंग. ‘नईम पशुखाद्य, इंदापूर’!
नईम, शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानाची बिलं त्याची बायको सबिना हातानं लिहिते. दर रविवारी बारामतीच्या स्टँडवर आमचा चहा असतो. मागच्याच रविवारी म्हणाला होता, “मला न्हाय लागत तुझं ते. सबिनाचं अक्षर चांगलं हाय.” आणि आज गुपचूप टाकलं!
संकल्प: हे पोटात ठेवायचं.

दुपारी
फोन केला. म्हटलं, टाकलंस ना शेवटी! नईम म्हणाला, “तुला कसं कळलं? दुकानात तर मी एकटाच हाय.” मी सगळी टेक्नॉलॉजी समजावली. त्यानं फोन ठेवला. भारावला असावा.

१५ फेब्रुवारी, रविवार
भारावला नव्हता. इंदापूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलंय, “अक्षरी टाकू नका. ते बनवणाऱ्याकडं जाऊन चुगली करतंय.” ठीक. तेवढीच फुकट जाहिरात.
चहाला आला नाही. हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही आला होता. दोन चहा मागवले होते. दोन्ही मीच प्यायलो.

१७ फेब्रुवारी
राजलक्ष्मीला म्हटलं, नईम गेला तर गेला, अकाउंट्स-२ आहेत. तिनं पर्स खाली ठेवली. “अहो, ते मीच. टिंग झालं की तुमी जेवता, म्हणून रोज काढून परत टाकत होते.”
मी विचारलं, सॉफ्टवेअर कसं वाटलं? म्हणाली, “उघडून न्हाय बघितलं.” मग हळूच म्हणाली, “पण माझ्या हापिसात तुमी घरी बसून डोकावताय, ते मला बी बरं वाटलं न्हाय.”
टिंग न वाजताच जेवायला बसलो.

१९ फेब्रुवारी
एसटीनं इंदापूरला गेलो. माफी मागायला नव्हे, भूमिका मांडायला.
नईम पोती मोजत राहिला. वर बघितलं नाही. सबिना गल्ल्यावर होती. म्हणाली, “भाऊजी, घरात यायचं तर आधी कडी वाजवायची असती.”
भूमिका मांडली नाही. चुकलं म्हणालो. नईमनं चहा सांगितला. पहिल्यांदाच बोलला, “इचार की आधी. कोन न्हाय म्हणतंय?”

२३ फेब्रुवारी
नवी आवृत्ती. ती ओळ काढली. आता इन्स्टॉल करताना सरळ प्रश्न येतो: ‘बनवणाऱ्याला कळवू का? होय / नाही’. ‘होय’ दाबलं तरच टिंग. जुन्या आवृत्तीत काय होतं, तेही लिहून टाकलं. विश्वास हीच खरी टेक्नॉलॉजी. लोक आता भरभरून ‘होय’ दाबतील.

२६ फेब्रुवारी
टिंग नाही. लोक विचार करत असतील.

२८ फेब्रुवारी
टिंग नाही. पण वस्तुस्थिती उत्साहवर्धक आहे. आजपर्यंत एकाकडूनही ‘नाही’ आलेलं नाही.

१ मार्च, रविवार
नईम चहाला आला. मी ही आनंदाची बातमी दिली. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, “दिग्या, ‘नाही’ दाबल्यावर तुला टिंग येतं का?”
येत नाही.