आबांच्या धोतराला लागलेला रंग

माय, आज गोधडी धुतली. सून म्हणाली, गरम पाण्यात टाका, मळ लवकर सुटेल. मी तिच्याकडे असं काही बघितलं की बिचारी चहा ठेवायला निघून गेली. गार पाणी, मूठभर मीठ, हलक्या हाताने दाबायचं, पिळायचं नाही आणि सावलीत आडवी पसरायची. तुझं सगळं पाळलं. गोधडी बिघडते ती धुताना नाही, शिवण्याआधीच बिघडलेली असते, असं तू म्हणायचीस. भडगावच्या आपल्या घरी कोरं कापड पाणी प्यायल्याशिवाय सुईखाली जातच नसे. तू ते भिजत घालायचीस, म्हणजे आटायचं ते आधीच आटून जाईल. रंगीत असलं तर ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचीस; रंग उतरला की पुन्हा मिठाच्या पाण्यात. शेजारणी हसायच्या, "हाई बाई कापडनी बी परीक्षा लेस!"

म्हणून तर मला कळेना. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सासरी देवपूरला पांझरा नदीच्या पाण्यात, तू दिलेली गोधडी मी बुडवली आणि पाणी तांबडं झालं. मधल्या तांबड्या तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला. वाळताना तो तुकडा आटला आणि त्या पांढऱ्यालाही चुण्या पाडून आपल्याकडे ओढून बसला. सासूबाई म्हणाल्या, "तुनी मायनी तुले कोरं कापड वळखाले शिकाडं नही का?" मी मान खाली घातली. खरं सांगते, मला तुझा राग आला.

पुढे आखाजीच्या सणाला माहेरी आले ती गोधडी घेऊनच. तू खापरावर पुरणपोळी टाकते आहेस. मी तुझ्यासमोर गोधडी उलगडते आणि विचारते, माय, तुझ्या हातून अशी चूक झालीच कशी? तू हात पुसतेस, गुलाबी झालेल्या पांढऱ्यावर तळवा ठेवतेस.

"हाई पांढरं कोनं शे?"

"आबांचं धोतर." आबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"नि लाल?"

मी बघत राहिले, आणि ओळखलं. माझ्या पाठच्या धाकटीला आखाजीसाठी घेतलेलं फ्रॉकचं कापड. ते शिवायच्या आधीच ती तापाने गेली. कापड पेटीत कोरंच राहिलं होतं.

"तुना बापनी तिले कव्हय मांडीवर लिधं नही. दुसरी बी पोरच, म्हनीसन. आते कोठे जाई?"

एवढं बोलून तू पोळी उलटलीस. ती करपलीसुद्धा नव्हती.

धाकटी दोन्ही हात वर करून आबांपुढे उभी राहायची आणि ते उपरणं झटकून उठून जायचे, हे मला तेव्हा आठवलं. त्याआधी आठवत होतं ते वेगळंच. आबा मला मांडीवर घेऊन भाजलेल्या हरभऱ्यांची सालं काढून द्यायचे. माझे आबा इतके मायाळू होते. ते गेल्यावर तू त्यांना तिच्याशेजारी असं शिवून बांधून ठेवलंस, याची मला तेव्हा भीती वाटली, अजूनही वाटते. ती त्यांना शिक्षा होती की धाकट्या लेकीचा हट्ट पुरवला होतास, हे विचारायचा धीर मला झाला नाही, आणि मग तूही गेलीस. गोधडी मात्र माझ्याकडे राहिली. दुपारी जरा डोळा लागला की कुणीतरी तिचा काठ धरून वर चढू बघतंय असं वाटतं. मी दचकून उठते, तर घरात कुणी नसतं.

आता ती वाळून पलंगावर अंथरली आहे. इतक्या धुण्यांत पाणी कधीच स्वच्छ यायला लागलं, पण धोतरावरचा गुलाबी रंग गेला नाही, चुण्याही तशाच आहेत. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, म्हणून घडी करून उशीखाली ठेवणार आहे. तुला एवढंच सांगायचं राहिलं होतं की त्या गुलाबी जागेवर मी कधीच बसत नाही. जरा सरकूनच बसते, माय. तेव्हा आबांच्या मांडीवर सरकले नव्हते.