मागच्या चाकाचं दुखणं

जळकोट, ता. उदगीर
१८ मे १९८६

प्रिय मन्मथ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, या धास्तीनं पत्ता मी शेषेराव कंडक्टरच्या हातानं लिहून घेतला आहे. लबाडीच झाली ही. पण साडेतीन वर्षांत माझ्या चार कार्डांना तुझं उत्तर आलं नाही, म्हणून केली. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधे राग येईल तेव्हा बाजूला ठेव, पाणी पी, पण पुन्हा हातात घे. सांगायचं ते पहिल्याच ओळीत सांगून मोकळं व्हावं असं रोज ठरवतो, आणि पेन धरलं की भलतंच लिहून बसतो. दोनदा लिहून फाडलं. माझी शाळा निजामाच्या काळातली, चौथीपर्यंत, तीही उर्दूत. मराठी अक्षरं मी लग्नानंतर तुझ्या अव्वाच्या भजनाच्या वहीवरून गिरवली. चुका झाल्या तर समजून घे.

शेषेराव मागच्या महिन्यात नांदेडला, तू कामाला आहेस त्या दुकानात शर्टाचं कापड घ्यायला आला होता. त्याला मीच पाठवलं होतं. तू वाळलास, असं तो म्हणाला. खोलीपासून दुकानापर्यंत रोज चालत जातोस, मालकानं वसुलीसाठी फटफटी देऊ केली तर नको म्हणालास. का नको, असं त्यानं विचारलं तर तू म्हणालास, "माझ्या हाताला गाडी चालत नाही." शेषेरावनं हे तंबाखू मळता मळता सहज सांगितलं आणि बस सुटायची वेळ झाली म्हणून तो गेला. मी मात्र तिथेच फाट्यावर बसून राहिलो. त्या दिवसापासून घास गिळताना ते वाक्य आडवं येतं. नांदेडला गोदावरीचं पाणी मिळतं हे बरं, पण उन्हाळ्यात तेही उकळून पीत जा. कुणी उकळून देतं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

इथं पाण्याचे फार हाल आहेत. टँकर चार दिवसांनी येतो, कधी सहा दिवसांनी. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता, तुला आठवत असेल. आता हंडे घेऊन मोर्चा न्यायला लातूर उस्मानाबादपेक्षा जवळ पडतं, एवढा उपयोग झाला असं व्यंकटी म्हणतो. तोच व्यंकटी, फाट्यावरचा हॉटेलवाला. त्याची जीभ अजून तशीच आहे. ज्याच्याकडे फटफटी आहे त्यानं तिला यंदा पाण्याला जुंपलंय. मागच्या कॅरिअरला लोखंडी सांगाडा, दोन्ही अंगांना दोन-दोन डबे, आणि तिरू नदीच्या पात्रातल्या झऱ्यापासून गावापर्यंत फेऱ्या. सांगाडे बहुतेक मीच वेल्डिंग करून दिले. सासष्टाव्या वर्षी धंदा कधी नव्हे इतका चालतोय आणि त्यात काही गोडी नाही.

व्यंकटीची गाडी चैत्रात माझ्याकडे दुरुस्तीला आली. चाळीसच्या वर गेली की हँडल थरथरतं. "अप्पा, गाडी नाचायलीय माझी. वरातीला निघाल्यावानी," असं म्हणाला. मी नेहमीचं केलं. बिदरला उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं काढली, तिथं हेच शिकलो होतो की हँडल हललं की हँडल आवळायचं. पुढच्या मानेत, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथं, गोळ्या असतात, त्यांच्यावरचा नट दोन आटे कसला आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. आता नुसती नाचत नाही, नागिणीसारखी चालते म्हणाला. मी अजून कसला. तिसऱ्या दिवशी तो गाडी ढकलतच घेऊन आला. दोन डबे फुटले होते आणि गुडघा सोलला होता. हॉटेलात चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत म्हणाला, "अप्पा, तुम्ही दुरुस्त करायलाव का मला मारायलाव?" सगळे हसले. मीही हसलो. पण नट आवळल्यावर गाडी जास्त नाचली, असं याआधी एकदा घडलं होतं.

मन्मथ, त्या दिवसाची तुला आठवण करून द्यायची नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. जिल्हा झाला त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. लातूरच्या नव्या कचेरीत तुला मुलाखतीला बोलावलं होतं. तुझी अव्वा मीही येते म्हणून हटून बसली, कारण लातूरला तिची बहीण. बहिणीसाठी तिनं ज्वारीचं पोतं बांधायला लावलं. मी ते कॅरिअरच्या अगदी शेवटी बांधलं, तिला टेकून बसायला जागा राहावी म्हणून. ती एका अंगाला पाय सोडून बसली आणि मी नीट धर म्हणालो तर म्हणाली, "मी लई घट्ट बसलेय. तुझ्या बापाच्या संसारात तीस वर्षं टिकले रे मन्मथ, मग फटफटीवर दोन तास टिकंन की." आदल्या दिवशी तू हँडल हलतंय म्हणून सांगितलं होतंस, म्हणून मी दुपारी नट आवळून ठेवला होता. सकाळी गावातून एक चक्कर मारून आलास आणि मला काही तरी म्हणालास. मी तुला पुढं बोलूही दिलं नाही. उदगीरच्या पुढं उतारावर गाडी नाचली, तू सावरलीस, पुन्हा नाचली, आणि अव्वा मैलाच्या दगडावर पडली ती गेलीच. तुझ्या कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तुला काही झालं नाही याचासुद्धा मला त्या दिवशी राग आला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

व्यंकटी गाडी टाकून गेल्यावर मी तिला हातच लावला नाही, दोन दिवस. मग डबे पाण्यानं भरून सांगाड्यात ठेवले, त्याला चालवायला सांगितलं आणि मी मागं बसलो. हँडलाकडं बघायचंच नाही, असं ठरवून डोळे मिटून घेतले. तेव्हा कळलं. थरथर पुढून येत नव्हती. माझ्या बुडाखालून गाडी आधी डावीकडं सरकायची, मग उजवीकडं, आणि ते हँडलापर्यंत नंतर पोचायचं. गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांत धरून आडवं हलवलं. टक टक वाजलं. चाक धरणारा मागचा चिमटा गाडीच्या मुख्य चौकटीला जिथं जोडलेला असतो, तिथलं बुश, पितळी नळीच ती, झिजून गेलं होतं. मागं ओझं लादलं की चिमटा तिथं खेळतो आणि मागचं चाक आपल्या वाटेनं जातं. आणि पुढं मी मान इतकी आवळलेली की हँडलाला आपोआप सरळ व्हायला जागाच नाही. आवळलं नसतं तर निदान सावरता आलं असतं. उदगीरला लेथवर नवीन बुश करून आणलं, बसवलं. मग पुढचं चाक उचलून नट ढिला करत गेलो, बोट टेकलं की हँडल आपल्या वजनानं एका अंगाला पडेल इतका. व्यंकटी चार डबे भरून साठच्या वेगानं गेला आणि आला. हात सोडूनही दाखवले त्यानं, गाढवानं. मला शाबासकी देऊन चहा पाजला. तो चहा मी तोंडाला लावून ठेवून दिला.

आपली काळी गाडी मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे. पोलिसांनी सोडल्यापासून तिच्यावर पोती टाकून ठेवली होती. कुणी विकत मागितली तर अपशकुनी आहे म्हणायचो. त्या खोलीचं दार उघडायला मला आठ दिवस लागले. रोज सकाळी किल्ली घ्यायचो आणि दुसरंच काम काढायचो. नववा दिवस सोमवार होता. पोती काढली. आधी पुढचं चाक उचललं आणि हँडल ढकललं. जिथं ढकललं तिथंच थांबलं, हललं नाही. ते माझ्याच हातानं आवळलेलं होतं. मग मागं गेलो, खाली बसलो. चाक धरलं, पण हलवायचा धीर होईना. व्यंकटीच्या गाडीचं बुश पाण्याच्या ओझ्यानं गेलं, हिचं कशाला गेलं असेल, असं मनाला समजावत होतो. मग हलवलं. व्यंकटीच्या गाडीपेक्षा दुप्पट खेळत होतं. पाच वर्षं तीच गाडी मी सामानासाठी वापरली, मागं पोती आणि टायर लादून, आणि एकदाही मागं हात लावून बघितला नाही.

आता जे लिहायला ही तीन पानं लागली ते लिहितो. त्या सकाळी तू म्हणाला होतास, "अप्पा, हँडल न्हाई, गाडी मागून सरकायलीय." हेच शब्द होते. आणि मी हॉटेलासमोर, लोकांदेखत म्हणालो, चोवीस वर्षांचा झालास आणि एक हँडल धरता येईना, बायकी हात आहेत तुझे. लोक हसले, तू किक मारलीस. दुसऱ्या दिवशी आपल्या लिंगायत रीतीनं अव्वाला खड्ड्यात बसवलं, स्वामींनी विभूती लावली, सगळ्यांनी माती दिली. तू मूठ भरून पुढं आलास तेव्हा मी तुझं मनगट धरलं आणि सगळ्या भावकीसमोर म्हणालो, "ज्या हातानं पाडलीस त्या हातानं माती देऊ नको." तू मूठ तिथंच उघडलीस आणि तसाच एसटी स्टँडवर गेलास. तुझ्या हातात काही दोष नव्हता, बाळा. दोष मागच्या चाकात होता आणि माझ्या हातात होता. बाजाराच्या दिवशी हॉटेलात उभा राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. भावकीतल्या घरी जाऊन सांगितलं. काही जण म्हणाले, आता उकरून काय उपयोग. स्वामींना विचारून आलो. माती द्यायला तिथी लागत नाही, मुलानं कधीही द्यावी, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र. तू ये आणि अव्वाला माती दे. दर सोमवारी मी सकाळच्या गाडीनं उदगीरला लेथवर जातो आणि अंधार पडायच्या आत परततो. घराची किल्ली व्यंकटीकडं असते. सोमवारी आलास तर तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. जाताना व्यंकटीला फक्त सांगून जा, म्हणजे मला कळेल. थांब असं म्हणायचा हक्क मी त्या खड्ड्यापाशी घालवला आहे, म्हणून म्हणत नाही.

तुझाच,
अप्पा