नाव न लिहिता

३ मार्च

फळी एक. कारखान्याचा नकाशा कोरलेला, भिंती बोटाला लागाव्यात अशा. गोल टेबल — मानाची जागाच नको. वाळूचं घड्याळ, म्हणजे डॉक्टर एकटेच बोलत बसणार नाहीत. आणि सोंगट्या. सगळं माझ्या हातचं. संशोधनाची कार्यशाळा कशी बेतायची, हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही.

प्रश्न एकच — कारखान्यात दम कुठे लागतो? टेबलाशी ठेक्यावरचे कामगार, कारखान्याचा टेलिफोन सांभाळणाऱ्या ताई, डॉक्टर, प्राध्यापिका, कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. ताईंना दिसत नाही, म्हणून प्रत्येकाच्या सोंगट्या वेगळ्या आकाराच्या. चाचपून कळाव्यात. प्राध्यापिका म्हणाल्या, "कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, हे आधी सांगा." सांगेन.

९ मार्च

झाली कार्यशाळा. ओळख करून देताना प्रत्येकानं आपली सोंगटी वर धरून दाखवली — माझीच कल्पना. मग अधिकाऱ्याला बाहेर चहाला पाठवलं. बाकीच्यांनी दम लागतो तिथे आपापल्या सोंगट्या मांडल्या. मिक्सिंगच्या टाकीभोवती नुसती दाटी!

अधिकारी परत आला. ताई फळी चाचपत म्हणाल्या, "काय हो मावशी, टाकीपाशी तुम्ही तर ठाणच मांडलंय!"

सगळे हसले. ठेक्यावरच्या त्या मावशी हसल्या नाहीत. अधिकारी हसला, आणि मग त्यानं खिशातून चष्मा काढला.

मी पटकन फळीवर चादर टाकली.

१० मार्च

नावं लिहिली नाहीत. आकारांत कोरली.

१२ मार्च

मावशी घरी आल्या. दारातच उभ्या. "दादा, माझ्या तेवढ्या सोंगट्या काढून घेऊ का?"

"एकट्या तुमच्याच काढल्या तर जास्त डोळ्यांवर येईल, मावशी."

"मग गेटवर अडवलं तर मी काय सांगू?"

मी पाणी विचारलं. नको म्हणाल्या.

प्राध्यापिकांसाठी कागदावर नोंद उतरवली — सगळे ठिपके एकसारखे. बायको म्हणाली, "अहो, आता तरी त्या सोंगट्या जाळा." म्हणायला काय जातंय! एकेक कड घासायला बोटांची सालं गेली. अधिकाऱ्यानं बाकीच्या पाहिल्या नसतील. चादर वेळेवर पडली. पडली ना?

कपाटाला कुलूप लावलं. थोड्या वेळानं पुन्हा ओढून पाहिलं.

१५ मार्च

सोंगट्या जाळल्या, एकूण एक. बायकोला कारण सांगितलं नाही. काल ती बाजारात असताना अधिकारी आला होता. कामाची तोंडभर स्तुती केली. फळी कारखान्याच्या दर्शनी भागात लावायची म्हणाला — आहे तशी, एकही सोंगटी न हलवता. तीन लाख. मी नाही म्हणालो.